इंग्लंडमध्ये घर घेताना: आधी कागद, मग घर

इंग्लंडमध्ये वर्ष-दीड वर्ष काढलं, भाड्याचा आकडा खुपायला लागला, की आपल्या माणसांचे शनिवार-रविवार राइटमूव्ह ही घरांच्या जाहिरातींची वेबसाइट चाळण्यात जातात. स्लाउ, रेडिंग, हॅरो, मिल्टन कीन्स, जिथे ओळखीचं कुणी आहे तिथली घरं आधी बघितली जातात. बघावीतच. पण नव्याने आलेल्यांना मी नेहमी कळकळीने सांगतो, की घर बघायला निघण्याआधी तीन-चार महिने कागदांना द्या. घर आवडलं, ऑफरही मान्य झाली आणि मग गाडी रुतली, असं आपल्या लोकांच्या बाबतीत फार वेळा होतं. रुतण्याची कारणं बहुतेक दोनच असतात: पैसा कुठून आला याचे कागद, आणि मागे भारतात असलेला फ्लॅट.

त्या फ्लॅटपासूनच सुरुवात करतो, कारण याचा धक्का सगळ्यात मोठा बसतो. इथे पहिल्यांदा घर घेणाऱ्याला स्टॅम्प ड्युटीत सवलत आहे. १ एप्रिल २०२५ पासून ३ लाख पौंडांपर्यंत काही नाही, त्यावर ५ लाखांपर्यंत ५ टक्के. किंमत ५ लाखांच्या वर गेली की सवलतच नाही. पण ‘पहिलं घर’ म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्यात तुमच्या नावावर फ्लॅट असेल, पूर्वी कधी होता आणि विकला असेल, किंवा वडिलांच्या पश्चात राहत्या घरात वारसा हक्काने हिस्सा आला असेल, तरी तुम्ही पहिल्यांदा घर घेणारे ठरत नाही. एवढ्यावर ते थांबत नाही. आज तुमचा किंवा तुमच्या जोडीदाराचा कुठल्याही देशातल्या घरात ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा हिस्सा असेल, तर इथलं घर तुमचं दुसरं घर धरलं जातं आणि संपूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागतो. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपर्यंत तो ३ टक्के होता. नवराबायकोला इथे एकच धरतात, त्यामुळे ‘फ्लॅट तिच्या नावावर आहे, घर मी माझ्या नावावर घेतो’ ही वाट बंद आहे.

४ लाखांच्या घरावर आकडे मांडून बघा. पहिल्यांदा घेणाऱ्याला ५ हजार पौंड पडतात. आधी घर होतं पण आता कुठेच नाही, त्याला १० हजार. भारतात फ्लॅट आहे, त्याला ३० हजार. आणि खरेदीआधीच्या बारा महिन्यांत तुम्ही या देशात १८३ दिवस राहिलेले नसाल, तर अनिवासी म्हणून आणखी २ टक्के, म्हणजे ३८ हजार. घर तेच, रस्ता तोच. हा कर घर ताब्यात आल्यापासून १४ दिवसांत भरावा लागतो आणि त्याची रक्कम गृहकर्जात धरून चालत नाही, ती हातात असावी लागते.

यातून मार्ग आहेत, पण ते आधी ठरवावे लागतात. भारतातला फ्लॅट तुमचं स्वतःचं राहतं घर होता आणि इथलं घर त्याच्या बदल्यात घेताय, तर आधीचं घर तीन वर्षांच्या आत विकल्यास अधिभारातून सूट किंवा भरलेला अधिभार परत मिळू शकतो. वारसा हक्काने तीन वर्षांच्या आत आलेला निम्मा किंवा त्याहून कमी हिस्सा अधिभारासाठी मोजत नाहीत. अनिवासी म्हणून भरलेले २ टक्केही खरेदीनंतर मुक्कामाची अट पूर्ण केली तर परत मागता येतात. तुमची परिस्थिती सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचं काम बघणाऱ्या वकिलाला, लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या. लपवू मात्र नका. स्टॅम्प ड्युटीच्या विवरणपत्रातल्या माहितीची जबाबदारी तुमची असते. दर बजेटमध्ये बदलतात, म्हणून व्यवहाराच्या वेळचे दर सरकारी कॅल्क्युलेटरवर तपासा. हे सगळं इंग्लंडचं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कर वेगळे आहेत, आणि स्कॉटलंडमध्ये तर खरेदीची पद्धतच वेगळी आहे.

आता डिपॉझिटचे, म्हणजे घराच्या किमतीपैकी कर्जाशिवाय स्वतःच्या खिशातून भरायचे पैसे. मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे सॉलिसिटर प्रत्येक मोठ्या रकमेचा माग विचारतो. ‘भारतातून आले’ हे उत्तर पुरत नाही. फ्लॅट विकला असेल तर विक्रीचा नोंदणीकृत दस्त, एफडी मोडली असेल तर तिची पावती, पैसे ज्या खात्यात आले, तिथून एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या) खात्यात गेले, तिथून इथे आले, त्या प्रत्येक पायरीचं बँक स्टेटमेंट. दस्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा. आईवडील मदत करणार असतील तर ही रक्कम कर्ज नाही, भेट आहे आणि घरावर त्यांचा हक्क राहणार नाही, असं पत्र कर्ज देणारी बँक मागते. बहुतेक वेळा त्यांची ओळखपत्रं आणि स्टेटमेंटंही मागते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते, एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत. मर्यादा पुरेशा आहेत, वेळ लागतो तो बँकेच्या आणि सीएच्या फेऱ्यांना. त्या फेऱ्या ऑफर मान्य झाल्यावर सुरू केल्या तर विकणारा तुमच्यासाठी थांबेलच असं नाही.

कर्जासाठी एक साधी गोष्ट बरेच जण करत नाहीत: मतदार यादीत नाव घाला. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला, व्हिसावर असतानाही, मतदानाचा हक्क आहे, आणि क्रेडिट एजन्सी पत्ता पडताळायला हीच यादी वापरतात. भारतातला क्रेडिट स्कोअर इथे धरला जात नाही. व्हिसावर असणाऱ्यांसाठी प्रत्येक बँकेचे नियम निराळे. कुणी जास्त डिपॉझिट मागतं, कुणी व्हिसाची किती मुदत उरली ते बघतं. म्हणून एकाच बँकेत अर्ज टाकून नकार घेण्यापेक्षा बाजारातल्या सगळ्या बँकांशी काम करणारा ब्रोकर गाठा. कर्ज साधारण वार्षिक उत्पन्नाच्या साडेचार पटीच्या आसपास मिळतं.

घरं बघताना लक्षात ठेवा, इस्टेट एजंट विकणाऱ्याचा माणूस आहे. त्याची फी विकणारा देतो, तुम्ही नाही. तो कितीही गोड बोलला तरी ‘आम्ही इथपर्यंत जाऊ शकतो’ हे त्याला सांगू नका. ‘आमच्याच ब्रोकरकडून कर्ज घेतलंत तरच तुमची ऑफर पुढे नेऊ’ असं त्याला म्हणता येत नाही. प्रत्येक ऑफर मालकाला कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. त्या गल्लीतली घरं खरोखर कितीला गेली ते लँड रजिस्ट्रीच्या, म्हणजे सरकारी मालमत्ता नोंदणी कार्यालयाच्या, नोंदींत फुकट दिसतं, १९९५ पासूनचं. मागणीची किंमत विसरा, ते आकडे बघा.

आपल्याकडे टोकन दिलं की शब्द दिला असं मानतात. इथे ऑफर मान्य झाली म्हणजे काहीच पक्कं झालेलं नसतं. दोन्ही बाजूंच्या सह्या होऊन कॉन्ट्रॅक्टची अदलाबदल होईपर्यंत विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो आणि तुम्हीही एक पैसा दंड न भरता माघार घेऊ शकता. त्या मधल्या काळात सॉलिसिटर आणि सर्वेक्षणावर केलेला खर्च मात्र बुडतो. त्यात साखळी असते: तुमचा विक्रेता दुसरं घर घेतोय, त्याचा विक्रेता तिसरं. एक कडी तुटली की सगळे अडकतात. तुमच्याकडे विकायचं घर नाही, ही तुमची मोठी जमेची बाजू. ऑफर देताना ती आवर्जून सांगा. चार-पाच महिने सहज जातात, म्हणून भाड्याच्या घराची नोटीस आधी देऊ नका. एक्स्चेंजच्या, म्हणजे या अदलाबदलीच्या, दिवशी साधारण १० टक्के रक्कम जाते आणि तिथून मागे फिरलात तर ती जाते ती जातेच. घराचा विमाही त्याच दिवसापासून हवा, ताबा मिळायच्या दिवसापासून नव्हे. आणि पैसे पाठवण्याआधी सॉलिसिटरचा खाते क्रमांक त्याच्या ऑफिसला फोन करून पडताळा. ‘आमचं खातं बदललं आहे’ अशी ईमेल आली तर ती फसवणूकच समजा.

फ्लॅट घेणार असाल तर तो बहुतेक लीजहोल्ड, म्हणजे ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, असतो. लीजची किती वर्षं उरलीत हा पहिला प्रश्न. ८० च्या खाली गेलेली लीज वाढवणं महाग पडत आलं आहे. २०२४ च्या कायद्यात ते बदलायची तरतूद आहे, पण ती लागू झाली की नाही ते सॉलिसिटरकडून कळल्याशिवाय पैसे लावू नका. दुसरा प्रश्न सर्व्हिस चार्जचा, म्हणजे इमारतीच्या देखभालीच्या वर्गणीचा: मागच्या तीन वर्षांचा हिशेब आणि पुढे कुठलं मोठं काम ठरलं आहे ते. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीच्या २०१७ च्या आगीनंतर इमारतींच्या बाहेरच्या ज्वलनशील आवरणाचा प्रश्न किती कुटुंबांना वर्षानुवर्षं अडकवून बसला ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. उंच इमारतीत बाहेरच्या भिंतींची आगीच्या दृष्टीने तपासणी झाल्याचा ईडब्ल्यूएस१ फॉर्म मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुन्या विटांच्या घरात बँकेच्या मूल्यांकनावर विसंबू नका. बँक स्वतःचं कर्ज सुरक्षित आहे का एवढंच बघते. आरआयसीएस या व्यावसायिक संस्थेच्या सर्वेअरकडून लेव्हल टू, आणि शंभर वर्षांच्या वरचं घर असेल तर त्याहून सखोल असं लेव्हल थ्री सर्वेक्षण करून घ्या. स्वतः बघायला जाल तेव्हा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेलं कपाट थोडं सरकवू देण्याची विनंती करा आणि त्यामागे हात फिरवा. एकाच खोलीत, एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर का लावला ते विचारा. पावसाच्या दिवशी एकदा जाऊन या, आणि एकदा रात्री.

पाच-सात वर्षांनी मुलं मोठी होतात आणि हेच घर विकायची वेळ येते. तेव्हा टीए६ नावाचा फॉर्म तुम्हाला भरावा लागतो: शेजाऱ्याशी वाद, पूर, बांधकामातले बदल, सगळं त्यात विचारलेलं असतं, आणि खोटी माहिती दिली तर घेणारा नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणून ताबा घेतल्या दिवसापासून एक फाइल ठेवा. खिडक्या बदलल्या तर त्या नियमाप्रमाणे बसवल्याचं फेन्साचं प्रमाणपत्र, बॉयलर बसवला तर त्याची नोंद, भिंत पाडली किंवा माळ्यावर खोली काढली तर बिल्डिंग कंट्रोलचं, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे झालं का ते तपासणाऱ्या खात्याचं, पूर्णत्वाचं प्रमाणपत्र. फेन्साची प्रत पुन्हा मागवता येते. पण माळ्यावरच्या खोलीची परवानगीच घेतलेली नसेल, तर घेणाऱ्याचा सॉलिसिटर ती बेडरूम मानायला नकार देतो आणि किंमत पुन्हा बोलायला बसावं लागतं.