काँटेसा ३२: नव्या खलाशासाठी एका जुन्या बोटीचा अनुभव

साउदॅम्प्टनला नोकरी लागली तेव्हा शिडाच्या बोटीशी माझं नातं रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात उभं राहून समुद्र बघण्यापुरतंच होतं. इथे आल्यावर कळलं की उन्हाळ्यात आठवड्यातून एक संध्याकाळ क्लबच्या शर्यती असतात आणि जवळपास प्रत्येक बोटीला माणूस कमी पडतो. फलकावर नाव आणि ‘अनुभव नाही’ असं स्वच्छ लिहिलं. दहा दिवसांत बोलावणं आलं. नवख्यांना माझं पहिलं सांगणं हेच: येत नसेल तर तसं सांगा, आणि वेळेच्या पंधरा मिनिटं आधी धक्क्यावर हजर राहा. शिकवणारी माणसं भेटतात.

ती बोट होती काँटेसा ३२. डेव्हिड सॅडलरचा आराखडा, लिमिंग्टनच्या जेरेमी रॉजर्सच्या कारखान्यातली बांधणी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून अशा सातशेहून जास्त बोटी झाल्या आणि सोलेंटमध्ये, म्हणजे इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि आयल ऑफ वाइट बेट यांमधल्या समुद्रपट्टीत, त्या आजही शर्यती खेळतात. अशा बोटींना क्रूझर-रेसर म्हणतात. शनिवारी शर्यत लावायची आणि सुट्टीत त्याच बोटीत झोपून, स्वयंपाक करून परदेशच्या बंदरात जायचं. दोन्ही कामं एका बोटीकडून करून घ्यायची म्हणजे दोन्हीकडे थोडं सोडावं लागतं. काय सोडलंय ते ओळखता आलं की कुठलीही बोट वाचता येते.

या बोटीची लांबी ३२ फूट, पण पाण्याला टेकलेली लांबी फक्त २४ फूट. बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, त्यामुळे तिच्या वेगाला मर्यादा येते. पाण्यावरच्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून १.३४ने गुणलं की ती मर्यादा नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) मिळते. इथे ती साधारण साडेसहा नॉट. रुंदी साडेनऊ फूट, म्हणजे आजच्या बोटींच्या मानाने अगदी सडपातळ. वजन ९,५०० पौंड आणि त्यातलं ४,५०० पौंड खाली, कीलमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या जड कण्यात. जवळजवळ निम्मं वजन तळाला! आतली जागा त्यामुळे आखडली. पाठ वाकवून चहा करावा लागतो आणि पाण्यापासून डेक फार उंच नसल्याने लाटा सरळ अंगावर येतात. पहिल्या दिवशी मी चड्डी-बनियनपर्यंत भिजले होते. चांगला रेनकोट उसना घ्या, पण घ्याच.

या वजनाचा उपयोग काय, ते १९७९च्या ऑगस्टमध्ये दिसलं. इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतायच्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळाने गाठलं आणि शर्यतीतले १५ खलाशी गेले. सगळ्यात लहान बोटींच्या वर्गात शर्यत पुरी करणारी एकमेव बोट होती ‘असेंट’ नावाची काँटेसा ३२. ही बोट सुमारे १५५ अंशांपर्यंत कलली तरी सरळ होऊ पाहते. रुंद, प्रशस्त बोटींत हा आकडा बराच कमी असतो. त्या सुरुवातीला घट्ट उभ्या वाटतात, पण एका मर्यादेपलीकडे उलटल्या की उलट्याच राहू शकतात. काँटेसाचं अगदी उलटं. वाऱ्याचा पहिला झपाटा आला की ती चटकन कलते, नवख्याच्या पोटात गोळा येतो, आणि मग तळातलं शिसं काम करू लागतं आणि ती तिथेच ठाम थांबते. हे अंगाला कळायला मला चार-पाच फेऱ्या लागल्या. तोवर मी दोरी सोडून कठडा धरत असे.

आता सुकाणूबद्दल, कारण माझं खरं शिक्षण तिथेच झालं. पहिल्या हंगामाच्या शेवटी बोटीच्या मालकांनी टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, माझ्या हातात दिला. वारा वाढला तशी बोट वाऱ्याकडे तोंड फिरवू लागली. मी दोन्ही हातांनी टिलर ओढत राहिले, खांदे भरून आले, आणि वेग मात्र घटत चालला होता. मालक काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मोठ्या शिडाची दोरी हातभर सोडली. टिलर एकदम हलका झाला आणि वेग अर्ध्या नॉटने वाढला. बोट कलली की शिडाची ओढ बोटीच्या मध्यरेषेपासून बाहेर जाते, पाण्यातल्या अंगाचा आकारही एकांगी होतो, आणि दोन्ही मिळून तिला वाऱ्याकडे वळवतात. सुकाणू जोराने आडवं धरणं म्हणजे पाण्यात ब्रेक लावणं. हाताला ओझं वाटलं की शीड मोठं झालंय असं समजायचं. आधी दोरी सैल करा, तरी ओझं राहिलं तर रीफ घ्या, म्हणजे शीड थोडं खाली घेऊन बांधून लहान करा. रीफ घेण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. हे मी कुठल्याही वर्गात शिकले नसते.

वाऱ्याच्या तोंडाकडे नागमोडी चढत जाण्यात ही बोट सुंदर आहे. अरुंद अंग लाट कापतं, वजनामुळे प्रत्येक लाटेला तिचा वेग मरत नाही. पाठीमागून जोराचा वारा असेल तर मात्र रडगाणं सुरू होतं. मागचा भाग निमुळता, त्यामुळे स्पिनेकर, म्हणजे मागच्या वाऱ्यासाठीचं फुगीर शीड, लावल्यावर ती डावी-उजवी डोलत राहते. रुंद ढुंगणाच्या नव्या हलक्या बोटी तिथे लाटेवरून घसरत पुढे निघून जातात. वेगवेगळ्या बोटी एकत्र खेळाव्यात म्हणून हँडिकॅप असतो, म्हणजे प्रत्येक बोटीच्या वेळेला गुणायचा तिचा स्वतःचा आकडा. समजा बोटीचा आकडा ०.८७० आहे आणि तिला १०० मिनिटं लागली, तर हिशेबात ८७ धरतात. त्यामुळे सगळ्यांच्या मागून येऊनही आम्ही दोनदा जिंकलो. निकाल लागेपर्यंत कुणालाच कळत नाही, हे मला फार आवडतं.

सोलेंटमध्ये शिकणाऱ्याने भरती-ओहोटीचं कोष्टक पाठ करावं. उधाणाच्या दिवसांत सोलेंटच्या पश्चिम तोंडाशी, हर्स्ट कॅसल किल्ल्याजवळच्या अरुंद जागेत प्रवाह चार नॉटच्या वर जातो. पाच नॉटने जाणाऱ्या बोटीला तो समोरून आला तर तासाभरात मैलसुद्धा सरकत नाही. कोकणातल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही, आपल्या खाड्यांतही भरती बघूनच होडी घालतात.

अभ्यासक्रमांबद्दल थोडक्यात. आरवायए या ब्रिटनच्या नौकानयन संघटनेचा कॉम्पिटंट क्रू हा पाच दिवसांचा वर्ग मी पहिल्या हिवाळ्यानंतर केला. शर्यतीत काही महिने दोऱ्या ओढल्यावर तो केला म्हणून त्यातला शब्द न् शब्द समजला. उलट्या होणाऱ्यांनी खाली केबिनमध्ये जाऊ नये, क्षितिजावर नजर ठेवावी. मी खिशात आलेपाकाच्या वड्या ठेवते.

तिसऱ्या उन्हाळ्यात तिच्यातला क्रूझर बघायला मिळाला. आयल ऑफ वाइटच्या पश्चिम टोकाच्या नीडल्स खडकांपासून फ्रान्सचं शेरबूर बंदर साधारण साठ सागरी मैल, म्हणजे आमच्या वेगाने बारा तास. इंग्लिश खाडीचा प्रवाह सहाएक तास पूर्वेला आणि मग तेवढाच पश्चिमेला वाहतो, म्हणून दर तासाला दिशा दुरुस्त करत बसायचं नाही. एकच दिशा धरायची आणि बोटीला आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाहू द्यायचं. रात्री दोन ते चार टिलर माझ्याकडे होता. शिडं नीट जुळवल्यावर दोन बोटांनी धरला तरी पुरत होता. मोठ्या जहाजांचे दिवे मोजत, त्यांची दिशा होकायंत्रावर बघत होते. दिशा बदलत नसेल तर ते जहाज आपल्यावर येतंय, हा नियम त्या रात्री तीनदा उपयोगी पडला. पहाटे फ्रान्सचा किनारा दिसला तेव्हा मी खाली जाऊन, पाठ वाकवून, सगळ्यांसाठी पोहे केले.