घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटीव्हायरस घ्यायचा का, अन घ्यायचा तर कोणता

'कोणता अँटीव्हायरस घेऊ' असं कोणी विचारलं की माझं पहिलं सांगणं एवढंच असते, भाऊ, नागपूरच्या बर्डीवर बाजारात जायच्या आधी घरचा कॉम्प्युटर सुरू करा अन आत काय चालून राहिलं ते पाहा. बऱ्याच घरांत अँटीव्हायरस आधीपासूनच असते, घरच्यांना पत्ता नसते. काही घरांत तर एकाच्या जागी दोन असतात, एक लॅपटॉपसोबत आलेला अन एक कोण्या भाच्याने टाकून दिलेला, आणि मग काका म्हणते की मशीन स्लो झालं, नवीन घ्या लागते.

पाहायचं असं. स्टार्टवर क्लिक करा, सर्चमध्ये विंडोज सिक्युरिटी टाइप करा, जी खिडकी उघडते तिच्या डाव्या बाजूला खाली सेटिंग्ज आहे, त्यात मॅनेज प्रोव्हायडर्स. तिथे अँटीव्हायरसच्या खाली ज्याचं नाव चालू दाखवते, तोच सध्या राखण करून राहिला. मायक्रोसॉफ्ट डिफेंडर असेल तर तो विंडोज 10 आणि 11 सोबत फुकटच येते, त्याचा एक रुपया द्यायचा नाही. दुसऱ्या कंपनीचं नाव असेल तर डिफेंडर आपोआप बाजूला होते. आणि त्या दुसऱ्याची ट्रायल संपलेली असेल, रोज लाल डबा येऊन रिन्यू करा म्हणून ओरडत असेल, तर एक तर पैसे भरा नाहीतर काढून टाका, अर्धमेला ठेवू नका. काढायला सेटिंग्जमधल्या ॲप्समधून अनइन्स्टॉल, आणि तरीही शेपूट उरलं तर त्याच कंपनीच्या साइटवर रिमूव्हल टूल असते ते चालवा. रिस्टार्ट केलं की डिफेंडर स्वतःच जागेवर येते, एकदा उघडून खात्री करून घ्या.

दोन अँटीव्हायरस एकत्र रिअल-टाइम, म्हणजे सतत राखणीवर, चालवायचे नाहीत, हे तर पक्कं. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना आडवे येतात, एकमेकांच्या फाइलवर संशय घेतात अन मशीन बसते.

आता डिफेंडर पुरते का. माझ्या मते साध्या घराला, म्हणजे पोरांचा अभ्यास, बिलं भरणं, यूट्यूब, थोडंफार बँकेचं काम, एवढ्याला पुरते. मी म्हणतो म्हणून मानू नका, दोन ठिकाणी पाहता येते. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज, या दोन्ही लॅब सगळ्या कंपन्यांचे अँटीव्हायरस नियमित तपासतात आणि निकाल फुकट वाचता येतात. एव्ही-टेस्ट तीन गोष्टींना सहा-सहा मार्क देते, पकड किती, मशीनवर भार किती, अन खोटी बोंब किती मारते, म्हणजे एकूण 18. डिफेंडर तिथे कित्येक वर्षांपासून वरच्या मार्कांत आहे. फक्त एकच निकाल पाहून ठरवू नका, मागचे चार-पाच पाहा, कारण एखाद्या महिन्यात कोणीही पहिला येऊ शकते. आणि पकडीच्या टक्क्यात 99.6 अन 99.8 असल्या फरकावर भांडण्यात काही अर्थ नाही, भाराचा कॉलम जास्त पाहा, खास करून तुमचं मशीन 4 जीबी रॅम अन जुन्या हार्ड डिस्कचं असेल तर. अशा मशीनवर टोटल सिक्युरिटी नावाचं सगळं बिऱ्हाड टाकलं की एक्सेल उघडेपर्यंत चहा होऊन जाते. त्या पैशात एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, टाका, फरक दिसेल.

पण डिफेंडर चालू दिसते म्हणजे चालू आहेच असं नाही, आणि आपल्याकडे ही भानगड फार आहे. असेम्बल केलेला पीसी घेतला, दुकानदाराने विंडोज 'ॲक्टिव्हेट करून' दिली, ऑफिसही फुकट टाकून दिलं, सगळे खूश. ते क्रॅक, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायची चोरवाट, चालावं म्हणून बरेचदा डिफेंडरमध्ये अपवाद टाकून ठेवलेले असतात, म्हणजे या फोल्डरकडे पाहू नको असं त्याला सांगितलेलं असते. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली एक्सक्लूजन्स. ती यादी रिकामी पाहिजे. तिथे पूर्ण सी ड्राइव्ह लिहिलेला सापडला तर समजा, चौकीदाराला खुर्ची देऊन त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधून ठेवली आहे. काढून टाका ती ओळ, आणि मग स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन लावा, मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. त्यातून क्रॅकच उडालं अन विंडोज ॲक्टिव्हेशन मागू लागली तर उडू द्या. क्रॅकवर उभ्या असलेल्या मशीनवर पैसे देऊन घेतलेला अँटीव्हायरस टाकणारे लोक मी पाहिले आहेत, त्याचा काहून उपयोग होईल सांगा, तो क्रॅकला पकडते अन हे लोक त्यालाच बंद करतात.

त्याच मॅनेज सेटिंग्जच्या पानावर टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे डिफेंडर दुसऱ्या कोणी परस्पर बंद करू नये म्हणून असलेलं कुलूप, चालू आहे का पाहून घ्या. बाहेर येऊन ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये नको असलेली ॲप अडवण्याचा पर्याय आहे, तोही चालू करा, फुकटचे पीडीएफ कन्व्हर्टर अन ड्रायव्हर अपडेटर सोबत जो कचरा आणतात तो तिथे अडते.

पैसे कोणी द्यावे मग? ज्याच्या घरच्या कॉम्प्युटरला दुसऱ्यांचे पेनड्राइव्ह रोज लागतात त्यांनी विचार करावा. घरी ट्यूशन घेणारे, रिटर्न भरून देणारे, लग्नपत्रिकांचं डीटीपी करणारे. डिफेंडरची बरीच ताकद नेटवरच्या त्याच्या क्लाउडमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दूरच्या सर्व्हरवर, आहे, नेट बंद असलं की पकड सैल पडते, हे एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या ऑफलाइन आकड्यांत दिसूनही येते. नेट कमी अन पेनड्राइव्ह बम, अशा घराला बाहेरचा चांगला अँटीव्हायरस कामाचा आहे. दुसरे म्हणजे ज्यांना घरात फोन करून मराठीत किंवा हिंदीत विचारायला कोणी तरी पाहिजे, आईबाबा एकटे राहतात, पोरगा पुण्याला किंवा बाहेर देशात, त्यांनी सपोर्टसाठी पैसे दिले तर मी नावं ठेवणार नाही.

पेनड्राइव्हवरून सांगतो. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायला नेला अन घरी आणून लावला, तर आत फक्त एकच वस्तू दिसते, ड्राइव्हचंच आयकॉन, त्याला खाली कोपऱ्यात छोटा बाण, साइज 1-2 केबी. माणूस म्हणते फाइली गेल्या कुठे, अन डबल क्लिक करते. तिथेच चुकते, तो शॉर्टकट आधी व्हायरस चालवते अन मग तुमच्या फाइली उघडून दाखवते, म्हणून काही झालंच नाही असं वाटते. फाइली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, एका बिननावाच्या लपवलेल्या फोल्डरात सरकवलेल्या असतात. बाणवालं काही दिसलं की क्लिक न करता पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाइल दाखवा अन प्रोटेक्टेड सिस्टिम फाइल लपवा वरची टिक काढा, फाइली दिसतील, दुसरीकडे कॉपी करून पेनड्राइव्ह फॉर्मॅट मारा. त्याहून सोपं म्हणजे प्रिंटसाठी पीडीएफ मेलच करायची, पेनड्राइव्ह न्यायचाच नाही.

नावांचं म्हणाल तर क्विक हील आपल्या पुण्याची, काटकर बंधूंनी उभी केलेली, के7 चेन्नईची, ईस्कॅन मुंबईच्या मायक्रोवर्ल्डची. बिटडिफेंडर रोमानियाची, ईसेट स्लोव्हाकियाची. नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी अन अविरा ही चार नावं वेगळी वाटतात पण आता चारही जेन डिजिटल या एकाच कंपनीखाली आहेत, त्यामुळे एक सोडून दुसरा घेतला म्हणजे फार काही बदललं असं समजू नका. कॅस्परस्कीची पकड टेस्टमध्ये चांगलीच असते, पण कंपनी रशियाची आणि अमेरिकेने जून 2024 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी जाहीर केली, आपल्याकडे बंदी नाही, घ्यायचा की नाही तुमचं तुम्ही ठरवा. फुकटवाल्यांबद्दल एक लक्षात असू द्या, अवास्टची जंपशॉट नावाची उपकंपनी लोकांच्या ब्राउझिंगचा डेटा विकत होती, 2020 मध्ये ते उघड झालं अन बंद करावं लागलं, पुढे 2024 मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने 1.65 कोटी डॉलर भरायला लावले. फुकटच पाहिजे असेल तर डिफेंडर आहेच की, दुसरा फुकट कशाला.

पॅक घेताना साधाच घ्या. कंपन्या तीन पायऱ्या ठेवतात, प्रो, इंटरनेट सिक्युरिटी, टोटल सिक्युरिटी, अन दुकानदार सरळ तिसरी पायरी दाखवते. वरच्या पायरीत पीसी ट्यून-अप, व्हीपीएन, पॅरेंटल कंट्रोल असलं असते. पोट्टे लहान असतील तर पॅरेंटल कंट्रोलला अर्थ आहे, पण मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टीही फुकटात वेळेची मर्यादा लावून देते. खोक्यावरची एमआरपी पाहून घाबरू नका अन डिस्काउंट पाहून हुरळूही नका, दुकानातला भाव, कंपनीच्या साइटवरचा भाव अन ऑनलाइनचा भाव तिन्ही वेगळे निघतात, तिन्ही विचारा. घरात तीन मशीन असतील तर तीन पीसीची एक की (लायसन्सचा नंबर) स्वस्त पडते. बिल घ्या, की खरवडलेली नाही पाहा, आणि व्हॉट्सॲपवर कोणी शंभर रुपयात की देऊन राहिला तर ती कुठली कुठे वापरलेली असते, सोडून द्या. ऑनलाइन घेतला तर ऑटो-रिन्यूवलची टिक त्याच दिवशी काढा, पहिल्या वर्षीचा भाव दुसऱ्या वर्षी राहत नाही.

टाकून झाला की तो जागा आहे का ते तपासायला आयकारची टेस्ट फाइल आहे. 68 अक्षरांची साधी ओळ, काही नुकसान करत नाही, पण सगळ्या अँटीव्हायरसनी तिला व्हायरस म्हणायचं असं ठरलेलं आहे. आयकारच्या साइटवरून डाउनलोड करा, लगेच पकडली पाहिजे. शांतपणे डाउनलोड होऊन बसली तर समजा काही तरी बंद आहे. मग एक फुल स्कॅन लावा, हार्ड डिस्कवर तासन्‌तास लागतात म्हणून रात्री जेवण झाल्यावर लावा, मे महिन्याच्या दुपारी 45 डिग्रीत जुन्या सीपीयूचा पंखा आधीच बोंबलत असते.

जुन्या विंडोजवाल्यांना मात्र एक स्पष्ट सांगतो. विंडोज 7 चे अपडेट 14 जानेवारी 2020 ला संपले, विंडोज 10 चे 14 ऑक्टोबर 2025 ला, त्यानंतर घरगुती लोकांसाठी वाढीव अपडेटची सोय ठेवली ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची, ती सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन चालू करून घ्या. 'चांगला अँटीव्हायरस टाका, जुनी विंडोज चालून जाते' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मे 2017 चा वॉनाक्राय व्हायरस ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी टाकला नव्हता तेच सापडले. मशीनला विंडोज 11 चढत नसेल अन काम फक्त ब्राउझरचं असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकून पाहा.

आणि जे अँटीव्हायरस पकडतच नाही ते. स्क्रीनभर 'तुमच्या पीसीत 5 व्हायरस' असं येते, खाली फोन नंबर, ती नुसती वेबसाइट असते, एफ11 दाबून फुल स्क्रीन काढा अन ब्राउझर बंद करा, नाही झाला तर टास्क मॅनेजरने बंद करा. कोपऱ्यात सारखे डबे येत असतील तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी उघडून अनोळखी साइट काढा, त्यासाठी कोणाला पाचशे रुपये द्यायची गरज नाही. 'आज रात्री लाइट कापली जाईल, या नंबरवर फोन करा' असा मेसेज येते, मग समोरचा एनीडेस्क, म्हणजे दूर बसून तुमचं मशीन चालवता येणारं सॉफ्टवेअर, टाकायला सांगते. एनीडेस्क हे खरं, कायदेशीर सॉफ्टवेअर आहे, अँटीव्हायरस सहसा त्याला व्हायरस म्हणत नाही, परवानगी तुम्हीच देऊन राहिले ना. पैसे गेलेच तर आधी नेट काढा, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा अन बँकेला कळवा, जितकं लवकर तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येते. मशीन नंतर साफ करा. त्यासाठी सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर बॉट, म्हणजे मशीन गुपचूप ताब्यात घेणारे व्हायरस, काढायची फुकट टूल आहेत, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं आहे ते, 2017 पासून चालू आहे.

रॅन्समवेअरसाठी, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरससाठी, डिफेंडरमध्येच कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस आहे, बंद असते, चालू करा, सुरुवातीला एखादं तुमचं सॉफ्टवेअर सेव्ह करताना अडवेल, त्याला यादीत परवानगी द्या. अन वाचलेल्या पैशातून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा फोटो, सातबारा, मार्कशीटचे स्कॅन तिच्यावर टाका आणि वायर काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवली तर रॅन्समवेअर तिलाही धरते.