तांबट आळीचं तांबं आणि व्होल्टाचा मनोरा

शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी सत्तावीस वर्षं गेली. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलं यायची, "बाई, नक्की चालेल असं काहीतरी सांगा." मी व्होल्टाचा मनोरा सांगायची. १८०० साली अलेस्सांद्रो व्होल्टाने रचलेली ही पहिली बॅटरी. तोवर विजेची ठिणगी पडायची आणि संपायची. सलग वाहणारी वीज इथून मिळू लागली. शिवाय इथे भिंतीतल्या प्लगशी काही संबंध नाही, म्हणून सहावीतलं मूलही निर्धास्तपणे करू शकतं.

तांब्यासाठी पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत जा. पातळ पत्र्याची कातरण मागा आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या सहा चकत्या कापून घ्या. मुलाला सोबत न्याच, ठोक्यांचा आवाज त्याच्या कानावर पडू दे. जस्तासाठी रविवार पेठेत बोहरी आळीत त्याच मापाचे जस्ताचा मुलामा दिलेले सहा वॉशर मिळतील. नुसत्या स्टीलचे किंवा निकेलचे चालत नाहीत. चकत्या चिंच-मिठाने घासून धुवा, घरातली तांब्याची भांडी घासतो तशा. वॉशरला मात्र पॉलिश पेपर लावू नका, जस्ताचा थर पातळ असतो, तोच निघून जाईल.

पेलाभर पाण्यात तीन चमचे मीठ विरघळवा. टीपकागदाचे, चकतीपेक्षा किंचित लहान तुकडे त्यात भिजवा. आता रचा: तांबं, कागद, जस्त, त्यावर पुन्हा तांबं, कागद, जस्त. क्रम एकदाही चुकवू नका.

कागद भिजलेला हवा, पण निथळता नको. एका वर्षी आमच्या एका मुलीचा मनोरा घरी छान चालला आणि प्रदर्शनाच्या सकाळी बंद पडला. तिने तो रबराने घट्ट आवळला होता. दाबाने मिठाचं पाणी बाहेर आलं, कडेने ओघळलं आणि सगळे थर आपसात जोडले गेले. ती रडायलाच लागली. आम्ही मनोरा सोडवला, कडा पुसल्या, प्रत्येक कागद दोन बोटांत हलका पिळला आणि परत रचला.  व्होल्टाने मिठाच्या पाण्याच्या पेल्यांची माळ करूनही तीच वीज मिळवली होती: प्रत्येक पेल्यात एक तांबं, एक जस्त, आणि एका पेल्यातलं जस्त पुढच्यातल्या तांब्याला जोडलेलं. तुम्हीही सहा कटिंगचे ग्लास मांडून तो दुसरा प्रकार शेजारी ठेवा. परीक्षकांना दोन्हींतला फरक दिसला पाहिजे.

मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून एकेक जोडी वाढवत आकडा लिहा. एका जोडीला साधारण ०.७ व्होल्ट मिळतो. चार जोड्यांवर लाल एलईडी मंद उजळतो, सहावर चांगला. त्याचा लांब पाय तांब्याकडे. टॉर्चचा जुना बल्ब मात्र पेटणार नाही: व्होल्ट पुरतात, पण त्याला लागणारा प्रवाह एवढ्याशा मनोऱ्यातून येत नाही. हे मुलाने स्वतः लावून बघावं आणि वहीत नोंदवावं. जोड्या आणि व्होल्ट यांचा आलेख तक्त्यावर लावा, थर्माकोलची सजावट नसली तरी चालेल.

परीक्षक आले की मुलाने मधला एक कागद काढावा आणि तिथे कोरडा ठेवावा. दिवा विझेल. मग ओला परत ठेवायचा. त्याच संध्याकाळी मनोरा सोडवून चकत्या धुवा, नाहीतर सकाळी तांब्यावर हिरवा थर चढलेला असेल.