नवा लेथ घरी बसवताय? हेडस्टॉकच्या बोल्टला पान्हा लावण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात लेथ चालवता येणारा माणूस शोधावा लागत नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही गेलं तरी आयुष्य लेथवर काढलेले टर्नर भेटतात. तरीही घरच्या शेडमध्ये नवा लेथ आला की थोड्याच दिवसांत ठरलेली तक्रार सुरू होते: जॉब (कापलेला तुकडा) टेपर, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक, येतोय, कंपनीनं हेडस्टॉक वाकडा बसवलाय. बहुतेक वेळा हेडस्टॉक, म्हणजे जॉब धरणारा चक फिरवणारा डावीकडचा भाग, ठीक असतो. कारखान्यात फाउंडेशन, थ्री फेज, लेव्हल हे सगळं दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. घरी ते आपल्यालाच करावं लागतं, आणि त्यात क्रम चुकला की पुढचं प्रत्येक माप फसवं निघतं.

उतरवताना आणि पुसताना

लेथचं वजन हेडस्टॉकच्या बाजूला जास्त असतं आणि ते वरच्या अंगाला असतं. पट्टा बांधण्याआधी सॅडल (टूल वाहणारा सरकता भाग) आणि टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) उजव्या टोकाकडं सरकवून लॉक करा, म्हणजे तोल साधतो. पट्टा बेडच्या, म्हणजे सॅडल ज्यावर सरकतं त्या लांब भागाच्या, खालून घ्यायचा. सॅडल चालवणारे लांब दांडे, लीड स्क्रू आणि फीड रॉड, त्यात सापडता कामा नयेत. वाकलेला लीड स्क्रू बाहेरून सरळ दिसतो, पण आटे पाडताना पिचमध्ये, म्हणजे आट्यांमधल्या अंतरात, फरक दाखवत राहतो.

बेडवर गंज लागू नये म्हणून कंपनीनं चिकट थर दिलेला असतो. त्यावर वाळू, लाकडाचा भुसा, प्रवासातली धूळ बसलेली असते. सॅडल सरकवायचं असेल तर त्याच्या वाटेतला थर आधी साफ करा, नाहीतर हा सगळा माल सॅडलखाली ओढला जातो आणि नव्या बेडवर ओरखडे पडतात. कॉटन वेस्ट आणि डिझेल पुरेसं आहे. थिनरनं रंग निघतो, आणि बंद शेडमध्ये पेट्रोल वापरणं म्हणजे आगीला निमंत्रण.

फरशी

टाइल्सवर लेथ ठेवू नका. टाइलखाली पोकळी असते. पायावर वजन आलं की ती तडकते आणि त्या कोपऱ्याची लेव्हल जाते. साडेचार फुटी लाइट ड्युटी लेथला नीट ठोकलेल्या मुरमावर सहा इंच काँक्रीट पुरतं. काँक्रीट पूर्ण ताकदीला यायला २८ दिवस धरतात. मशीन दारात येऊन उभं असलं तरी ओल्या काँक्रीटवर अंतिम लेव्हल करण्यात अर्थ नाही. वरच्या मजल्यावर न्यायचा विचार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. घरगुती स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबानं धरलेला असतो आणि लेथचं वजन चार-सहा पायांवर एकवटतं.

बेडचा पीळ: खरी गोम इथं आहे

लेथ पाण्याच्या पातळीत असावा असं सगळे म्हणतात, पण जॉबला त्याचं फारसं सोयरसुतक नाही. अख्खा लेथ एका बाजूला सारखाच कलला असेल तरी तो सरळ कापेल. कापणार नाही तो पिळलेला बेड. हेडस्टॉकच्या टोकाला बेड जसा आहे तसाच तो टेलस्टॉकच्या टोकाला असला पाहिजे.

हिशेब करून बघा. बेडच्या पुढच्या-मागच्या स्लाइडमध्ये अंतर २०० मिमी, टूलचं टोक बेडपासून १६५ मिमी उंच. एक मीटर लांबीत मागचा कोपरा ०.१ मिमी, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीएवढा, खाली बसला तर टूल सुमारे ०.०८ मिमी आडवं सरकतं आणि व्यासात ०.१६ मिमी फरक पडतो. दीडशे मिमीच्या जॉबवर तो ०.०२४ मिमी दिसेल. बेअरिंगची सीट बिघडवायला तेवढा पुरतो.

गवंड्याची लेव्हल यासाठी कामाची नाही. प्रिसिजन लेव्हल लागते, एका रेघेला मीटरमागे ०.०२ मिमी दाखवणारी. विकत घेणं परवडत नसेल तर ओळखीच्या टूलरूममधून एक दिवस आणा. आणल्यावर आधी लेव्हलच तपासा: एकाच जागी ठेवून रीडिंग घ्या, १८० अंशांत फिरवून पुन्हा घ्या. बुडबुडा दोन्ही वेळा शेडच्या त्याच बाजूला तेवढाच गेला पाहिजे.

पायांचे बोल्ट सुरुवातीलाच आवळून टाकणं ही सर्रास होणारी चूक. बोल्ट आवळला की बेड फरशीच्या आकाराला वाकतो. आधी बोल्ट मोकळे ठेवा, सगळे पाय स्क्रूवर किंवा शिमवर (पातळ पत्र्याच्या तुकड्यावर) नीट टेकवा आणि कुठला पाय लोंबकळत नाही ना ते फट मोजणाऱ्या फीलर गेजनं बघा. मग लेव्हल क्रॉस स्लाइडवर (सॅडलवरच्या आडव्या सरकणाऱ्या भागावर) आडवी ठेवून सॅडल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या आणि दोन्हीकडं एकच रीडिंग येईपर्यंत फक्त टेलस्टॉककडचे पाय हलवा. बोल्ट थोडे थोडे आवळत जा आणि प्रत्येक आवळणीनंतर बुडबुडा बघा.

शेवटचा शब्द मात्र कापून बघितलेल्या जॉबचा. ४० मिमीचा बार चकमध्ये धरा, दीडशे मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावू नका. दोन टोकांना १५ मिमी रुंदीच्या कॉलर (उठून राहणारे पट्टे) ठेवून मधला भाग दीड-दोन मिमी उतरवा. धार लावलेल्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलनं ०.१ मिमीचा हलका कट, बारीक फीडवर, क्रॉस स्लाइडच्या डायलला हात न लावता दोन्ही कॉलरवरून एकाच फेरीत घ्या. मग मायक्रोमीटर.

बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय, म्हणजे आपण उभे राहतो त्या बाजूचा, किंचित उचला किंवा मागचा उतरवा. लहान आली तर उलट करा. दीडशे मिमीत फरक ०.०१ मिमीच्या आत आला की थांबा. बार बारीक असेल किंवा टूल बोथट असेल तर बार वाकून मागं सरतो आणि बाहेरची कॉलर मोठीच येते. तो दोष बेडचा नव्हे. म्हणून ४० चा बार आणि हलका कट.

एवढं करूनही टेपर कायम राहिला, आणि लेव्हल पीळ नाही म्हणत असेल, तरच हेडस्टॉकचा विषय काढायचा. तेही मशीन वॉरंटीत असेल तर कंपनीच्या माणसासमोर.

वीज: मोटर जळते ती बहुधा इथं

घरी सिंगल फेज, मोटर थ्री फेज. त्यावर व्हीएफडी ड्राइव्ह (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारं आणि मोटरचा वेग बदलणारं उपकरण) हा चांगला उपाय आहे, पण त्यात तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा मोटरच्या प्लेटवर लिहिलेला असतो. सिंगल फेज २३० व्होल्ट घेणारा साधा ड्राइव्ह २३० व्होल्टचाच थ्री फेज देतो. एक-दोन हॉर्सपॉवरच्या अनेक मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात (स्टार आणि डेल्टा हे वाइंडिंग जोडायचे दोन प्रकार). अशी मोटर या ड्राइव्हवर फिरते, पण दम धरत नाही. कट जरा जड झाला की थांबते आणि तापते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायरी असतील आणि प्लेटवर २३० डेल्टा लिहिलं असेल तर पट्ट्या बदलून डेल्टा करा. तीनच वायरी असतील तर वाइंडिंगवाल्याकडून आतला स्टार जोड उघडून घ्यावा लागतो.

दुसरा खड्डा लेथवरचा फॉरवर्ड-रिव्हर्स ड्रम स्विच. तो ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये ठेवून चालू-बंद केला तर आज ना उद्या ड्राइव्ह जातो. मोटर ड्राइव्हला थेट जोडा आणि ड्रम स्विचचे कॉन्टॅक्ट ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला द्या.

तिसरा ब्रेकचा. चक आट्यांवर बसणारा असेल तर ड्राइव्हमध्ये झटकन थांबण्याची सेटिंग ठेवू नका. स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) थांबतो, जड चक फिरत राहतो आणि आट्यांवरून सुटून बेडवर पडतो. याच कारणासाठी असा चक लावून उलट दिशेनं कट घेऊ नये.

वेग कमी करायला कायम ड्राइव्हच वापरू नका. २०-२५ हर्ट्झवर मोटरचा स्वतःचा पंखाही अर्ध्या वेगानं फिरतो, त्यामुळं जड कटात मोटर तापते. मोठा फरक बेल्ट किंवा गिअर बदलून आणा, ड्राइव्ह बारीक फरकासाठी ठेवा. १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि २.५ चौ. मिमी तांब्याची वायर घ्या. ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होतो म्हणून अर्थिंग काढून टाकणारे महाभाग आहेत. तसं कदापि करू नका. ड्राइव्हला चालणारा आरसीसीबी (त्याच कामाचा स्विच) बसवून घ्या.

चक, टेलस्टॉक, गिब

तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये जॉब ०.०५ ते ०.१ मिमी आऊट, म्हणजे केंद्रापासून सरकून फिरताना, दिसणं नेहमीचं आहे. डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारं घड्याळ) आधी स्पिंडलच्या आतल्या निमुळत्या भोकात लावा. तिथं ०.०१ च्या आत असेल तर स्पिंडल बरोबर आहे. मग चक उतरवून त्यामागची बॅकप्लेट पुसा. तिथं अडकलेला एक बारीक चिप सगळा खेळ बिघडवतो. एकदम नेमकं हवं असेल तर चार जॉ.

टेलस्टॉक कॉलरच्या चाचणीनंतरच जुळवा, आधी नाही. बार दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्हीकडच्या टोकदार आधारांमध्ये, धरून कट घ्या. टेलस्टॉककडं व्यास ०.०६ मोठा आला तर टेलस्टॉक त्याच्या निम्मा, ०.०३ मिमी, आपल्या बाजूला सरकवा. नव्या लेथचा टेलस्टॉक उंचीला हेडस्टॉकपेक्षा किंचित वर ठेवलेला असतो. पुढं घासून तो खाली येणार हे धरूनच तसं करतात, त्यामुळं खालून घासायला घेऊ नका.

क्रॉस स्लाइडच्या हँडलला ०.१-०.२ मिमी बॅकलॅश, म्हणजे रिकामा खेळ, असणारच. तो काढायला गिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) आवळत बसलात तर स्लाइड जड होईल आणि बॅकलॅश तसाच राहील. बॅकलॅश नटाचा, गिब स्लाइडच्या ढिलाईचा. टूलपोस्टला (टूल धरणाऱ्या भागाला) डायल गेज लावून हातानं पुढं-मागं ढकला, ०.०२ च्या वर हलला तरच गिब थोडा घ्या.

खरखर, लाटा, आवाज येत असेल तर आधी टूल किती बाहेर आहे ते बघा, मग टूलची उंची. पातळ स्टीलची पट्टी टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये हलकेच धरा. पट्टीचं वरचं टोक आपल्याकडं झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडं झुकलं तर वर. मग वेग: माइल्ड स्टील, एचएसएस टूल, २५ मिमी व्यास, तर साडेतीनशे आरपीएमच्या आसपास.

कास्टिंग, तेल, पाऊस

कोल्हापुरात फाउंड्रीतला तुकडा सहज मिळतो, त्यामुळं तोच पहिल्या दिवशी चकमध्ये धरायचा मोह होतो. धरू नका. कास्टिंगच्या कातडीत वाळू असते, कोपरे चिल, म्हणजे झटकन थंड होऊन कडक, झालेले असतात. टूल जातं आणि दोष मशीनला लागतो. चाचणीला ब्राइट बार घ्या. पुढं कास्ट आयर्न कराल तेव्हा कोरडंच करा आणि बेडवरची काळी पूड आधी ब्रश किंवा व्हॅक्यूमनं काढा, मग तेल द्या. पूड आणि तेल एकत्र आलं की घासायची पेस्ट तयार होते.

हेडस्टॉकमध्ये माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या नंबरचंच तेल घाला; गाडीचं इंजिन ऑइल नको. बेडला ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल. सुरुवातीला प्रत्येक वेगावर, कमीपासून चढत, अर्धा-अर्धा तास रिकामा चालवा. बेअरिंगच्या जागेवर हात ठेवता आला पाहिजे. पहिलं तेल ५० तासांनी बदला, कारण नव्या हेडस्टॉकच्या कोपऱ्यात कास्टिंगची वाळू आणि मशीनिंगची पूड राहिलेली असू शकते.

जून ते सप्टेंबर प्लास्टिक किंवा गोणपाट बेडवर टाकून ठेवू नका. दोन्हींखाली दमट हवा कोंडते आणि एका रात्रीत तांबूस डाग येतात. तेलाचा हात फिरवून सुती कापड टाका. सलग काम नसेल तर आच्छादनाखाली ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा, मात्र तो कापडाला टेकणार नाही असा जाळीत. घर काळ्या मातीवर असेल तर जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. अशा ठिकाणी ऑगस्टमध्ये आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये कॉलरची चाचणी घ्या, आणि फरक दिसला तर टेलस्टॉककडच्या पायांपासूनच सुरुवात करा.