कठीण दिवस आधी ओळखून ठेवताना

घरातील एखाद्या व्यक्तीने पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केला असेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलून दाखवले असेल, तर तिची तब्येत बरी असतानाच तिच्यासोबत कालनिर्णय घेऊन बसावे आणि पुढच्या वर्षातील जड जाणारे दिवस पेन्सिलीने खुणा करून ठेवावेत. हे काम तिच्या पाठीमागे करू नये.

कर्जाच्या हप्त्याची तारीख, कोर्टाची तारीख, दहावी-बारावीचा निकाल, जवळच्या माणसाचे वर्षश्राद्ध हे दिवस सहज सुचतात. कोकणात त्यांत आणखी भर पडते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात आणि हातात पैसा नसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ज्यांच्या बागा उन्मळून पडल्या, त्यांना जूनचा पहिला जोराचा वारा आजही अस्वस्थ करू शकतो. मात्र सर्वांत सहज निसटणारा दिवस आनंदाच्या मागून येतो. गणपती विसर्जन होऊन चाकरमानी मुंबईला परतले की, काल जिथे वीस जणांची पंगत बसली होती, त्या घरात दोनच ताटे वाढली जातात आणि मखराच्या रिकाम्या जागेकडे पाहत एकटी काकी माजघरात बसून राहते. तो आठवडा अवश्य नोंदवावा. तसेच मानसिक आजारासाठी रुग्णालयात राहून घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडेही विशेष जोखमीचे असतात.

प्रत्येक खुणेपुढे सोबतीला कोण येईल, रात्री फोन कोण करील, हे नावानिशी लिहावे. त्या काळात बागेतील फवारणीची औषधे दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवावीत आणि घरातील गोळ्या एका जबाबदार माणसाकडे द्याव्यात.

तो दिवस आला की, “काकी, जीव द्यावा असं मनात येतं का गं?” असे शांतपणे, स्पष्ट विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर तिला एकटे सोडू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते. धोका तातडीचा वाटल्यास १०८ किंवा ११२ ला फोन करावा. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नयेत, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच सामान्यतः गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवला जात नाही.