भौमितिक नक्षीचा गालिचा निवडताना

१९२५च्या पॅरिस प्रदर्शनावरून ज्या शैलीला पुढे आर्ट डेको हे नाव मिळाले, तिच्या किंवा जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेच्या विणकामाच्या धर्तीवरचा गालिचा घ्यायचा असेल, तर रंगाआधी रेषा पाहावी. आयरिश डिझायनर आयलीन ग्रे यांच्या अनेक गालिच्यांत मोजकेच आकार आणि भरपूर मोकळी जागा असते. त्यामुळे असा गालिचा सामानाखाली निम्मा झाकला, तर रचनाच हरवते. म्हणून जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून आधी माप ठरवावे आणि सोफ्याचे फक्त पुढचे पाय गालिच्यावर येतील, असे बघावे.

दुकानात गालिचा उलटा करून पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवर तीच नक्षी स्पष्ट उमटलेली दिसते, तर टफ्टेड (गाठी न मारता, कापडात धागे टोचून केलेल्या) गालिच्याच्या पाठीला बहुधा लॅटेक्सने कापड चिकटवलेले असते. दोन रंग जिथे मिळतात, ती कड बोटाने चाचपावी, कारण वेलबुट्टीत सहज लपून जाणारी एखाद्या गाठीची चूकही सरळ रेषेत लगेच खटकते.

घरी गालिच्याखाली न घसरणारे अस्तर घालावे आणि काही महिन्यांनी गालिच्याची दिशा बदलावी, म्हणजे उन्हाने एकच बाजू विटत नाही.