हिमवादळात गाडी अडकली तर

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो भागात हिमवादळाने कित्येकांना रस्त्यातच गाठलं; काही जण गाडीतच दगावले. असे अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. उडत्या बर्फात चार पावलांवरचं घरही दिसत नाही. इंजिन सुरू करण्याआधी, दर वेळी, खाली उतरून सायलेन्सरच्या नळीचं तोंड मोकळं करा. ते बर्फाने बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. हीटर तासाला १० मिनिटंच चालवा आणि वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. अँटेनाला भडक रंगाचं फडकं बांधा. जाड ब्लँकेट, फावडं, पाणी मात्र निघतानाच गाडीत हवं.